बर्फावरच्या गुलाबी सावल्या

मी बर्फ पाहिलाय तो फ्रीजरमधला, नाहीतर उरणच्या बाजारात सुरमईवर पसरलेला. तरीही फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या बर्फाबद्दल मी तीस वर्षं लिहीत आणि शिकवत आले. आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत कुणी विचारलं, "मॅडम, तुमचा विषय काय?" आणि मी "इम्प्रेशनिस्ट चित्रकला" म्हटलं, की समोरचा माणूस "अरे वा" म्हणतो आणि लगेच टँकर आला का ते विचारतो. मला त्याचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण थोडा.

विषय तसा अवघड नाही. फ्रान्समधले काही चित्रकार खोलीतून उठून उघड्यावर गेले आणि त्या घटकेला समोर जो उजेड होता तोच रंगवू लागले. सावली म्हणजे काळा किंवा तपकिरी रंग, ही जुनी सवय त्यांनी सोडली. बर्फावरची सावली निळी दिसते, कारण वरचं आभाळ तिच्यात उतरतं, हे त्यांनी पाहिलं आणि तशी ती रंगवली. सगळ्यांनी निळी रंगवली. एकानेच तेवढी गुलाबी रंगवली, आणि तो माझा चित्रकार.

खेड्यातला रस्ता, दोन्ही बाजूंना बुटकी घरं, एक कुंपण, लांब चालत जाणारी दोन माणसं आणि बर्फावर पडलेल्या गुलाबी सावल्या. बाकीचे सगळे आभाळाकडे बघत होते, हा घरांकडे बघत होता, आत पेटलेल्या चुलींची ऊब त्याने बाहेरच्या बर्फावर आणली, असा माझा सिद्धान्त. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली. सव्वीस वर्षं मी मुलांना तेच शिकवलं. एका परदेशी अभ्यासकाने याच चित्रातल्या सावल्यांना निळ्या म्हटलं होतं, तर मी तळटीप देऊन त्याचं निरीक्षण निष्काळजी आहे असं सुनावलं होतं. त्याने ती वाचली असण्याची शक्यता नाही, पण मला बरं वाटलं होतं. पुढे कुठे त्या सावल्या निळ्या छापलेल्या दिसल्या की मी तो छपाईचा दोष धरायचे.

हे चित्र मला दाखवलं सरांनी. सर आमच्या कला महाविद्यालयात कलेचा इतिहास शिकवायचे आणि रोज पनवेलहून ये-जा करायचे. वर्गात अंधार करून ते पडद्यावर स्लाइड लावत, आणि त्यांचा एक नियम होता. पाच मिनिटं कुणी तोंड उघडायचं नाही आणि चित्रकाराचं नाव विचारायचं नाही. नाव कळलं की माणूस बघायचं थांबतो, असं त्यांचं म्हणणं. पाच मिनिटं झाली की एकेकाला उठवून काय दिसलं ते सांगायला लावायचे आणि मग म्हणायचे, "बघून झालं ना? मग आता नाव सांगतो." मीही इथे त्या चित्रकाराचं नाव घेत नाही. सवय जात नाही.

परदेशातून स्लाइडी मागवणं कॉलेजच्या कुवतीबाहेरचं होतं. ग्रंथालयात एकच जाडजूड रंगीत पुस्तक होतं. मे महिन्याच्या सुट्टीत सर ते टॉवेलात गुंडाळून घरी न्यायचे आणि वडाळे तलावाकडे तोंड असलेल्या आपल्या गॅलरीत, दोन पाटांवर उघडं ठेवून, पानापानाचा फोटो काढायचे. नऊ ते साडेदहा एवढाच उजेड त्यांना चालायचा. पानाच्या एका बाजूला अंधार पडतो म्हणून त्या बाजूला काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, उभ्या राहायच्या, साडीवरून परतलेला उजेड पानावर पडावा म्हणून. असे दोन उन्हाळे गेले. पुढे त्या पुस्तकाला वाळवी लागली आणि स्लाइडी तेवढ्या उरल्या. पेटीतल्या सगळ्यात शेवटच्या खाचेत काकूंचीच स्लाइड होती. वर्गात ती चुकून लागली की सर घाईघाईने पुढचं बटण दाबायचे. गॅलरीच्या कठड्याला धरून हसणारी एक बाई आम्हाला क्षणभर दिसायची आणि मागच्या बाकावरची पोरं खाकरायची.

सरांनी आयुष्यात एकही पुस्तक लिहिलं नाही. या स्लाइडी तेवढ्या केल्या. प्रत्येकीवर हिरव्या शाईत आकडा. कॉलेजात संगणक आले तेव्हा पेटी भंगारात निघाली होती, ती सरांनी उचलून घरी आणली. पुढे त्यांची नजर जायला लागली तेव्हा ती त्यांनी मला दिली आणि "सांभाळ" एवढंच म्हणाले. मी सांभाळली. ओल लागू नये म्हणून आत तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या, आणि दर गणपतीत त्या बदलल्या.

यंदा माझं मराठी पुस्तक छापायला गेलं. तिसऱ्या प्रकरणाचं नाव 'गुलाबी सावल्या'. प्रकाशनाकडची संपादक मुलगी चुणचुणीत आहे. तिने त्या चित्राची मोठी प्रत थेट संग्रहालयाकडून मिळवली आणि मला फोन केला.

"मॅम, मजकुरात गुलाबी सावल्या आहेत. चित्रात निळ्या दिसतायत. फाइल चुकीची आलीय का?"

"अर्थातच चुकीची आलीय," मी म्हटलं.

फोन ठेवून मी लॅपटॉपवर चित्र उघडलं. निळ्या सावल्या. मोबाइलवर उघडलं, तिथेही निळ्या. नवऱ्याचा टॅब घेतला. मग शेजाऱ्यांकडे त्यांचा नवा मोठा टीव्ही आहे म्हणून तिथे गेले, त्यांची मालिका थांबवून त्यावर लावलं. चार यंत्रांनी चार तऱ्हेचे निळे दाखवले, पण गुलाबी एकानेही दाखवला नाही. शेजारीण म्हणाली, "छान आहे हो, थंड वाटतं बघून." मला तिला घराबाहेर काढावंसं वाटलं, पण घर तिचं होतं.

मग मी ठरवलं की संग्रहालयाने चित्र साफ करताना खरवडलं असणार. तसं खरमरीत पत्रही धाडलं. त्यांचं उत्तर नम्र होतं. चित्र त्यांच्याकडे आल्यापासून कुणी त्याला हात लावलेला नव्हता. मी ते उत्तर तीनदा वाचलं. दुपारी कुकरला डाळ लावली आणि त्यात पाणी घालायचं विसरले.

कुकरच्या वासाने नवरा स्वयंपाकघरात आला. नवरा तळोज्याच्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात शेड मॅचिंगला होता. तयार झालेल्या मालाचा रंग मूळ नमुन्याशी जुळतो की नाही, हे डोळ्यांनी बघायचं, हेच त्याचं काम. घरातही त्याला दोन पांढरे शर्ट एकसारखे दिसत नाहीत. मी त्याला सगळं सांगितलं. तो पेटी घेऊन गॅलरीत गेला, त्या चित्राची स्लाइड उजेडासमोर धरली, दोन सेकंद बघितली, मग नजर राखाडी भिंतीकडे वळवली आणि पुन्हा दोन सेकंद बघितली. कारखान्यातली पद्धत. जास्त वेळ बघितलं की डोळा त्या रंगाला सरावतो आणि खोटी साक्ष देतो, असं तो सांगतो.

"ह्यातला निळा उडालाय," तो म्हणाला. "फिल्मवर तीन रंगांचे थर असतात. एक आधी गेला की मागे गुलाबी उरतो. आपल्या लग्नानंतर तू घरी ह्या लावून दाखवल्या होत्यास, तेव्हाही मी म्हटलं होतं."

म्हटलं होतं. मला आठवलं. आणि मी त्याच्याकडे असं काही बघितलं होतं की नंतर त्याने चित्रांबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

"पण मग बाकीच्यांच्या सावल्या निळ्या कशा?" मी विचारलं. हा माझा हुकमी प्रश्न होता.

त्याने स्लाइडी काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या. पुठ्ठ्याच्या चौकटी सगळ्या सारख्या नव्हत्या. बहुतेक पांढऱ्या होत्या, थोड्या पिवळसर. पिवळसर चौकटीतल्या सगळ्या गुलाबी झालेल्या, आणि माझ्या चित्रकाराची झाडून सगळी चित्रं त्यांतच. एकाच रोलवर काढलेली. कुठल्या दुकानातून सरांनी तो एक रोल वेगळा आणला असेल कोण जाणे. माझा चित्रकार इतरांहून वेगळा नव्हता, त्याचा रोल वेगळा होता.

"आमच्याकडे ह्याला फार घाबरतात," नवरा म्हणाला. "मूळ नमुना अंधारात, पाकिटात ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी बदलतात. तोच उडाला तर चुकीचा मालही त्याच्याशी जुळतो. सगळं पास होत जातं, कुणाला शंका येत नाही."

टेबलावरची शेवटची पिवळसर चौकट मी उचलली. काकू कठड्याला धरून हसत होत्या. साडी गुलाबी होती.

"साडी मुळातच गुलाबी नसेल कशावरून?" मी म्हटलं. उजेड परतवायला कुणी गुलाबी साडी नेसवून उभं करत नाही, हे मलाही कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. नवरा म्हणाला, "सरांना विचार." आणि तो करपलेला कुकर घासायला गेला.

सर अजून त्याच घरात राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. कोन गावच्या एक मावशी दिवसरात्र तिथेच राहून त्यांचं सगळं करतात. मी जिन्यात असतानाच त्यांनी दार उघडलं. "या ताय. सर सकालपासून वाट बगतान. तुमी येनार म्हनून जेवले पन नाय नीट."

सर गॅलरीतल्या खुर्चीत बसले होते. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते माझ्याइतकं वाईट कुणी केलं नसेल. शेवटी विचारलं, "सर, फोटो काढताना काकू उभ्या राहायच्या ना, ती साडी कुठल्या रंगाची होती?"

"पांढरी. निळ्या काठाची," सर पटकन म्हणाले. "खास त्यासाठी घेतली होती. पांढरी कशाला म्हणून तिच्या आईने वाद घातला होता. का गं?"

"सहज."

"तू सहज काही विचारत नाहीस," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "तिसरं प्रकरण कुठवर आलं? तू स्वतः वाचून दाखव मला. मावशी फ्रेंच नावं घेताना दमते. त्या सावल्या मला अजून दिसतात बघ. तलाव जातो, लोकांचे चेहरे जातात, तो गुलाबी तेवढा जात नाही."

मी "हो सर" म्हटलं आणि चहा न घेता उठले. मावशी दारात म्हणाल्या, "काय झाला ताय? भांडन झाला काय?" मी नाही म्हटलं. जिना उतरून तलावाच्या कडेने चालत गेले आणि आपली गाडी सरांच्याच दारात उभी आहे, हे बस स्टँडपाशी पोचल्यावर लक्षात आलं.

पुढचे तीन आठवडे मी कुठल्या मनःस्थितीत काढले ते नीट सांगता येत नाही. चूक मान्य करण्याची मला लाज नव्हती असं मी स्वतःला सांगत होते, आणि ते खोटं होतं. लाज होतीच. पण त्याहून मोठा गोंधळ वेगळा होता. पहिल्यांदा ते चित्र बघितलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि अंधारात रडले होते. ते रडणं कशासाठी होतं? चुलीची ऊब, घरांकडे बघणारा माणूस, हे सगळं मी त्या गुलाबीवरून उभं केलं होतं, आणि तो गुलाबी कुणी रंगवलाच नव्हता. पनवेलच्या दमट हवेत, एका पेटीत, तो आपोआप झाला होता. ज्या चित्राला मी जन्मभर जीव लावला ते जगात कुठल्याच भिंतीवर नव्हतं. मग खऱ्या चित्राकडे बघायची तर मला त्या दिवसांत हिंमतच होत नव्हती. परक्या घरात शिरल्यासारखं वाटायचं.

आणि सर. खरं लिहायचं तर स्लाइडींबद्दल लिहावं लागणार होतं. सत्त्याऐंशीव्या वर्षी, डोळे गेल्यावर, त्यांना कळणार होतं की आयुष्यात केलेली एकच वस्तू चुकीची निघाली. आणि ते सांगणार कोण, तर जिला त्यांनी ती सांभाळायला दिली तीच. प्रकरण गाळावं असंही मनात आलं. जसं आहे तसं छापावं असंही आलं, मराठीत कोण तपासतंय? नवरा म्हणाला, "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?" मी म्हटलं, "तुमच्या म्हणी तुमच्यापाशी ठेवा." दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

शेवटी मी प्रकरण नव्याने लिहिलं. सावल्या निळ्या आहेत हे कबूल केलं, परदेशी अभ्यासकाची माफी मागितली आणि सगळी चूक स्वतःवर घेतली. कारण म्हणून एकच वाक्य घातलं. 'त्या काळी उपलब्ध असलेल्या प्रतिकृती सदोष असल्याने माझी दिशाभूल झाली.' सरांचा उल्लेख कुठेच नाही. हे वाक्य लिहून झाल्यावर मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं, हे सांगायलाच हवं. सर वाचले, असं मी मनाशी म्हटलं.

प्रकरण मलाच वाचून दाखवायचं होतं. मी सकाळी नऊला गेले, उजेडाची वेळ होती म्हणून. मावशींनी सरांना खुर्चीत बसवलं आणि त्या दाराशी लसूण सोलत बसल्या. मी वाचायला लागले. सावल्या निळ्या आहेत, इथपर्यंत आले तेव्हा सरांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थांबला. मग मी प्रतिकृतींचं ते वाक्य वाचलं.

"थांब," सर म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"उपलब्ध प्रतिकृती. कुठे उपलब्ध होत्या गं? दुकानात मिळत होत्या?"

मी हातातले कागद मांडीवर ठेवले.

"दोन उन्हाळे इथे उभा होतो मी. ती तिथे उभी राहायची, त्या कोपऱ्यात. पाय सुजायचे तिचे. त्याला उपलब्ध म्हणतेस? साडीचा रंग विचारून गेलीस त्या दिवशीच कळलं मला. पांढरी साडी स्लाइडमध्ये गुलाबी दिसायची, ते आठवलं. तीन आठवडे वाट बघतोय, आज सांगशील, उद्या सांगशील."

"सर, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटलंच. रात्रभर झोपलो नाही त्या दिवशी. हिला विचार." मावशींनी मान हलवली. सरांचा आवाज मी वर्गातही कधी इतका चढलेला ऐकला नव्हता. "तुझ्या दोन पुस्तकांत मी ऋणनिर्देशात आहे. टंकलेखकाच्या वर आणि ग्रंथपालाच्या खाली. त्याबद्दल मी कधी काही म्हटलं का? आता एवढी मोठी चूक झाली, आपली दोघांची, आणि त्यातूनही मला काढून टाकलंस. मग मी केलं तरी काय जन्मभर?"

मी रडायला लागले. सरांनी ते ऐकलं असणार, पण समजूत घातली नाही. मावशी उठल्या आणि त्यांनी लसणाच्या हाताने पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. मी पेन काढलं, ते वाक्य खोडलं आणि तिथल्या तिथे नवीन लिहिलं. 'ही चित्रं मी ज्या स्लाइडींवरून अभ्यासली त्या माझ्या सरांनी पनवेलच्या आपल्या घराच्या गॅलरीत, सकाळच्या उजेडात, पत्नीच्या मदतीने तयार केल्या होत्या. त्यांतल्या एका रोलचा निळा उडाला होता आणि ते आम्हा दोघांनाही ओळखता आलं नाही.' वाचून दाखवलं.

सरांनी तोंड तलावाकडे वळवलं. तलावाकडून कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"माझ्या सरांनी म्हणजे कुणी?" ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"बघून झालं ना? मग आता नाव सांग."

मी लिहिलं. त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पत्नीच्या मदतीने असं होतं तिथे काकूंचंही पूर्ण नाव. मग मोठ्याने वाचलं. सर म्हणाले, "परत." मी परत वाचलं.